समसमान बाजीचें गणित

नाणें उडविल्यावर छाप पडेल कीं काटा, यावर शहाणा मनुष्य सर्वस्व लावीत नाहीं. पण पोकर या पत्त्यांच्या खेळाच्या स्पर्धांत निपुण खेळाडूंवरही असा प्रसंग येतोच. हातांतील सर्व चकत्या एका डावावर लावावयाच्या, आणि दोन्ही पक्षांची आशा मात्र जवळ जवळ सारखी! ही ‘जवळ जवळ’ म्हणजे किती, हें पाहण्यासारखें आहे.

टेक्सास होल्डेम या प्रकारांत प्रत्येकास दोन पत्ते झांकून मिळतात. मग पांच पत्ते सर्वांसाठीं उघडे मांडतात. प्रथम तीन, नंतर एक, शेवटीं आणखी एक. या सातांतून ज्याचे पांच पत्ते श्रेष्ठ ठरतील तो जिंकतो. समजा, एकाजवळ दोन अठ्ठ्या आहेत आणि दुसऱ्याजवळ एक्का व राणी. पहिल्याची जोडी तयार आहे. दुसऱ्याचे पत्ते मोठे, पण जोडी व्हावयाची आहे. उरलेल्या ४८ पत्त्यांतून पांच पत्ते १७,१२,३०४ प्रकारांनीं येऊं शकतात. त्यांपैकीं ८,५०,६६८ प्रकारांत एक्का नाहीं व राणीही नाहीं. म्हणजे शेंकडा ५० हून किंचित् अधिक वेळां दुसऱ्यास हवा तो पत्ता मिळतो.

तर मग दुसराच पुढें म्हणावयाचा काय? तसें नाहीं. एक्का आला तरी त्याच्या मागोमाग तिसरी अठ्ठीही येऊं शकते. उलट एका रंगाचे पांच पत्ते किंवा ओळीनें पांच पत्ते जमून एक्का-राणीचीही बाजू कधीं कधीं सांवरते. हा सर्व हिशेब केला असतां अठ्ठ्यांची बाजू शेंकडा ५२ ते ५५ च्या आसपास राहते.

याचें प्रसिद्ध उदाहरण २००७ सालीं लास व्हेगास येथें घडलें. पोकरच्या जागतिक मालिकेंतील मुख्य स्पर्धेंत ६,३५८ खेळाडू उतरले होते. शेवटीं जेरी यांग व तुआन लाम हे दोघेच उरले. लाम यांनीं चौकटचा एक्का व चौकटची राणी यांवर सर्व चकत्या लावल्या. यांग यांनीं दोन अठ्ठ्यांवर तें आव्हान स्वीकारलें. पहिले तीन पत्ते उघडले: राणी, नव्वी, पंजी. लाम यांचें पारडें एकदम जड झालें. चवथा पत्ता सत्ती. आतां न दिसलेल्या ४४ पत्त्यांपैकीं केवळ सहा, म्हणजे चार छक्क्या व दोन अठ्ठ्या, यांग यांस तारणारे होते. आली छक्की! पंजीपासून नव्वीपर्यंत ओळ जमली आणि ८२ लक्ष ५० हजार डॉलरांचें पहिलें बक्षीस यांग यांस मिळालें.

येथें एक भेद ध्यानांत ठेवावयास हवा. यांग यांच्याजवळ चकत्यांचा सांठा पुष्कळ मोठा होता. हा डाव गमावला असता तरी ते खेळांत राहिले असते. लाम यांस मात्र पराभव म्हणजे अखेर होती. ५५ विरुद्ध ४५ अशी अनुकूल बाजी असली, तरी लागोपाठ पांच वेळां ती जिंकण्याची शक्यता शेंकडा पांचच उरते. म्हणून जाणता खेळाडू अशा बाज्या विनाकारण ओढवून घेत नाहीं. घ्यावी लागलीच, तर होतां होईल तों स्वतः प्रथम सर्वस्व लावतो. कारण प्रतिपक्षी भिऊन पत्ते टाकील, ही आणखी एक आशा त्यास असते.

तरीही कांहीं वेळां आव्हान स्वीकारणें हेंच योग्य ठरतें. मध्यें १,५०० चकत्या पडल्या असून १,००० घालावयाच्या असतील, तर केवळ चकत्यांच्या हिशेबानें शेंकडा ४० ची आशाही पुरते. पण बाद होण्याची किंमत या हिशेबांत धरलेली नसते. ती ज्याची त्यानें तोलावयाची. निर्णय बरोबर असूनही डाव हरतो आणि चुकीचा असूनही जिंकतो. छक्की येणें न येणें कोणाच्या हातीं नसतें. ती येण्यापूर्वीं काय पणाला लावावयाचें, एवढेंच खेळाडूच्या हातीं असतें.