दुष्काळात तगणारा गहू आणि त्याचे रानटी भाऊबंद

मोरोक्कोच्या शेतकऱ्याला पावसाचे रुसणे आता नवे राहिलेले नाही. २०१८ नंतर या देशाने सलग सहा वर्षे अवर्षण सोसले. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर राजे सहावे मोहम्मद यांना बकरी ईदच्या दिवशी मेंढ्यांची कुर्बानी न देण्याचे आवाहन देशवासीयांना करावे लागले, इतकी मेंढ्यांची संख्या घटली होती. अशा कोरड्या वर्षांत तेथील चाचणी प्लॉटमध्ये प्रचलित वाण करपून जात असताना एका नव्या गव्हाच्या ओंब्या मात्र दाण्यांनी भरल्या. शेतकऱ्यांनी हा वाण निवडला. त्याचे नाव ‘जबल’. अरबी भाषेत जबल म्हणजे पर्वत.

२०२२ पर्यंत या वाणाची ख्याती कृषी संशोधकांच्या वर्तुळाबाहेरही पोहोचली होती. जबल हा डुरम गहू आहे. महाराष्ट्रात ‘बन्सी’ या नावाने ओळखला जाणारा गहू याच जातीचा. उत्तर आफ्रिकेत त्यापासून कुसकुस आणि रोटी, तर युरोपात पास्ता तयार होतो. मात्र जबलच्या वंशावळीत एक अनोळखी पूर्वज आहे. सीरियाच्या रखरखीत भागात उगवणारे ते एक रानगवत असून वनस्पतिशास्त्रात त्याला ‘एजिलॉप्स स्पेल्टॉइडिस’ म्हणतात.

माणसाने निवडले, तेव्हा काय हरवले?

गहू हा मुळात पश्चिम आशियातला. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी तेथील माणसाने रानगव्हाच्या ओंब्या खुडून पेरायला सुरुवात केली. रानटी ओंबी पिकली की तुटून दाणे जमिनीवर विखुरतात. गवताच्या दृष्टीने हा वंशवृद्धीचा मार्ग, तर माणसाच्या दृष्टीने निव्वळ नुकसान. त्यामुळे ओंबी न तुटणारी, दाणा टपोरा असणारी आणि एकाच वेळी पिकणारी रोपे पिढ्यान्पिढ्या निवडली गेली. पुढे सिंचन आणि खतांना चांगला प्रतिसाद देणाऱ्या वाणांवर भर देण्यात आला.

या निवडीने माणसाला पोटभर अन्न दिले, पण पिकाचा जनुकीय पाया अरुंद केला. मूठभर रोपांपासून वाढलेल्या पिकात रानातील सगळी विविधता उतरलीच नाही. पिकाचे रानटी भाऊबंद मात्र डोंगरउतारावर, दगडगोट्यांत, कोणी पाणी न देता जगत राहिले. जी रोपे दुष्काळात टिकली नाहीत, त्यांचा वंश तेथेच संपला. जी टिकली, त्यांचे बी पुढे गेले. ओल शोधत खोलवर जाणारी मुळे, बाष्पोत्सर्जन रोखणारा पानावरील मेणचट थर, उन्हाचा ताण वाढताच मिटणारी पर्णरंध्रे असे अनेक गुण निसर्गाने रानटी वनस्पतींत अशा प्रकारे घडवले आहेत. पिकात न आलेले हे गुण तेथून परत आणता येतील का, हा खरा प्रश्न आहे.

अवघड सोयरीक

रानगवत आणि पीक यांची सोयरीक जुळवणे हे जिकिरीचे काम असते. गव्हाच्या फुलात स्वपरागीभवन होते. त्यामुळे परागकोश फुटण्यापूर्वीच ते चिमट्याने एकेक करून काढून टाकावे लागतात. मग ओंबीवर कागदी पिशवी चढवून ठरलेल्या वेळी तिच्यावर रानगवताचे पराग सोडले जातात. पुष्कळदा बी धरतच नाही. धरले, तरी आतला गर्भ वाढण्याआधी मरतो. अशा वेळी तो कोवळा गर्भ बाहेर काढून प्रयोगशाळेत पोषक द्रव्यांवर वाढवला जातो.

खरी अडचण त्यानंतर सुरू होते. डुरम गव्हात २८ गुणसूत्रे असतात, तर या रानगवतात १४. त्यांच्या संकरित रोपात २१ गुणसूत्रे येतात. त्यांच्या जोड्या नीट जुळत नाहीत आणि रोप जवळजवळ वांझ निघते. त्याचा पुन्हा गव्हाशी, मग पुढच्या पिढीचा पुन्हा गव्हाशी असा वारंवार संकर करत जावे लागते. रानटी जनुकांबरोबर नको असलेले गुणही येतात. ओंबी फुटते, दाणा बारीक राहतो, रोप उशिरा पिकते. हे दुर्गुण मागे सोडून हवा तेवढाच वारसा ठेवायचा, तर हजारो रोपे वाढवून त्यांतील बहुतेक टाकून द्यावी लागतात. डीएनएवरील खुणांच्या आधारे रोपे पारखण्याच्या तंत्राने हे काम आता पुष्कळ सोपे केले असले, तरी त्याला वर्षे लागतातच.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ही पद्धत बीटी कापसासारखी नव्हे. बीटी कापसात एका जिवाणूचे जनुक प्रयोगशाळेत घालण्यात आले. येथे परागाच्या मार्गानेच दोन नातलग वनस्पतींचे मीलन घडवले जाते. किंबहुना रोजच्या पोळीचा गहूही असाच जन्माला आला. हजारो वर्षांपूर्वी डुरमच्या कुळातील गहू आणि ‘एजिलॉप्स’ वंशातीलच दुसरे एक रानगवत यांचा शेतात आपोआप संकर झाला, त्याची ती संतती.

दुसरा मुद्दा अपेक्षांचा. तांबेऱ्यासारख्या रोगाला रोखण्यास कधी कधी एखादे जनुकही पुरते. दुष्काळाचे तसे नाही. पेरणीनंतर पडलेला ताण, फुलोऱ्यातला ताण आणि दाणे भरतानाचा ताण हे तीन वेगळे दुष्काळ आहेत आणि त्यांना तोंड देणारी जनुकेही अनेक आहेत. त्यामुळे ‘दुष्काळावरचे जनुक’ सापडल्याची भाषा फसवी ठरते. जबलसारखा वाण पाण्यावाचून वाढत नाही. थोड्या पाण्यात तो शेतकऱ्याच्या हाती काहीतरी पडू देतो, एवढाच त्याचा दावा. पण कोरडवाहू शेतकऱ्यासाठी पुढच्या पेरणीचे बी घरात असणे आणि नसणे यातला फरक नेमका तेवढाच असतो.

बियाणे वाचले म्हणून

या संशोधनामागे ‘इकार्डा’ ही शुष्क प्रदेशांतील शेतीसाठी काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे. १९७७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे मुख्यालय सीरियात, अलेप्पोजवळच्या तेल हादिया येथे होते. गहू, जव, मसूर, हरभरा आणि त्यांचे रानटी भाऊबंद यांचे सुमारे दीड लाख नमुने तेथील जनुकपेढीत होते. यादवी युद्ध पेटल्यावर संशोधकांना सीरिया सोडावा लागला. मात्र त्यापूर्वीच संग्रहातील बहुतांश नमुन्यांच्या प्रती उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवरील भूमिगत बियाणे कोठारात पोहोचवण्यात आल्या होत्या. हे कोठार २००८ मध्ये सुरू झाले. तेथून ठेव परत मागण्याची पहिली वेळ २०१५ मध्ये आली, ती इकार्डावरच. त्या बियाण्यांपासून लेबनॉन आणि मोरोक्कोत संग्रह नव्याने उभा करण्यात आला आणि २०१७ पासून ताज्या प्रती पुन्हा स्वालबार्डला जाऊ लागल्या.

पिकांचे रानटी भाऊबंद गोळा करण्याची एक जागतिक मोहीमही नॉर्वेच्या आर्थिक साह्याने २०११ मध्ये हाती घेण्यात आली. तिच्याअंतर्गत २५ देशांतून साडेचार हजारांहून अधिक नमुने जमा झाले. कारण उघड आहे. जे गवत आज निरुपयोगी तण म्हणून उपटले जाते, त्याची गरज उद्या कोणत्या पिकाला पडेल, हे कोणीच सांगू शकत नाही. एकदा ते नष्ट झाले, की कोणतीही प्रयोगशाळा ते परत घडवू शकत नाही.

सह्याद्रीचे धन

महाराष्ट्रालाही हा विषय परका नाही. येथील जिरायती गहू आणि हरभरा रब्बीत जमिनीतील उरल्यासुरल्या ओलीवर वाढतो आणि दाणे भरण्याच्या ऐन वेळी ओल संपते. याच गरजेतून पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कोरडवाहू लागवडीसाठी ‘एमएसीएस ४०२८’ हा सुमारे १०२ दिवसांत तयार होणारा डुरम वाण विकसित केला आहे.

गव्हाचे रानटी भाऊबंद पश्चिम आशियात असले, तरी तूर, मूग, उडीद आणि तीळ यांचे नातलग सह्याद्रीच्या उतारांवर, बांधावर आणि रस्त्याच्या कडेला आजही उगवतात. तूर तर भारतातच पीक बनली. राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोचे अकोला येथे प्रादेशिक केंद्र असून अशा वाणांचे संकलन व जतन हे या संस्थेचे काम आहे. मात्र पेढीतले बी शीतगृहात झोपलेले असते. रानातले बी दरवर्षी नव्या उन्हाशी आणि नव्या पावसाशी जुळवून घेत असते. दोन्हींची गरज आहे. वणवे, अतिचराई आणि रस्तारुंदीकरण यांत उद्या ही झुडपे संपली, तर दुष्काळाशी झुंजणाऱ्या मराठवाड्याच्या तुरीला आपल्या भाऊबंदांकडे मदत मागण्याची वाटच उरणार नाही.