लॅपटॉपला ताप आलाय?

लॅपटॉप स्लो झाला की पहिला संशय व्हायरसवर! माझ्या मशीनचं मागचं झाकण आयटीवाल्याने उघडलं, तेव्हा मात्र खरा गुन्हेगार दिसला: पंख्यावर आणि जाळीत बसलेला धुळीचा थर.

गणित साधं आहे. प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या नळीतून जाळीपर्यंत येते, पंखा ती बाहेर फेकतो. ही वाट बुजली की पारा चढतो. बऱ्याच प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तिथे पोचला की तो आपला वेग कमी करतो. म्हणजे मशीन म्हातारं झालेलं नसतं, जीव वाचवत असतं! तरीही तापमान चढलंच, तर ते थेट बंद पडतं. सेव्ह न केलेलं प्रेझेंटेशन गेलं की मग! बॅटरीही सततच्या उष्णतेने लवकर दमते.

तेव्हा लॅपटॉप गादीवर, उशीवर नको. टेबलावर ठेवा, मागची बाजू थोडी उचला. ऑफिसचं मशीन स्वतः खोलू नका. धूळ साफ करायला आणि सुकलेली थर्मल पेस्ट बदलायला आयटीवाल्यांनाच सांगा. नव्या लॅपटॉपसाठी बॉसच्या मागे लागण्याआधी एवढं कराच. कदाचित जुनाच पळायला लागेल!