पदवी धोरणाची, हिशेब घराचा

अमेरिकेत शिकायला जाणे ही मराठी मध्यमवर्गाला आता नवलाई राहिलेली नाही. पूर्वी मुले इथली पदवी पदरात पाडून पुढच्या शिक्षणासाठी जात. आता बारावी होताच निघणारीही पुष्कळ आहेत. ती सगळीच संगणकाच्या वाटेने जातात असेही नाही. ‘मला पब्लिक पॉलिसी करायचंय,’ असे सतरा वर्षांची मुलगी जेवता जेवता जाहीर करते, तेव्हा आईवडील एकमेकांकडे बघत राहतात. हे नेमके काय असते? आणि त्यासाठी कॉलेज निवडायचे तरी कशावरून?

विषय समजून घ्यायला फार लांब जायला नको. महाराष्ट्रातल्या पगारदाराने आपली पगारपत्रिका काढून पाहावी. दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, असा वर्षाला २५०० रुपये व्यवसाय कर त्यात बहुधा कापलेला दिसेल. बँकेत आमच्यापैकी बहुतेकांनी तो का कापतात हे कधी विचारले नाही. हा कर १९७५ साली आला तो रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला. वि. स. पागे यांनी मांडलेल्या या कल्पनेला १९७२च्या दुष्काळाने निकड आणली. १९७७ साली कायदा मंजूर झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला, आणि २००५ साली रोजगार हमीचा कायदा साऱ्या देशासाठी झाला.

शहरातल्या कारकुनाच्या खिशातला रुपया दुष्काळी गावातल्या बाईच्या हाती मजुरी म्हणून पडावा, हे कुणी आणि कसे ठरवले? त्यातला किती पोचला, किती वाटेत झिरपला? त्यातून झालेली कामे टिकली का? तेवढ्याच पैशात याहून बरे काही करता आले असते का? असे प्रश्न शिस्तीने विचारायला आणि त्यांची उत्तरे तपासायला शिकवणारा विषय म्हणजे सार्वजनिक धोरण. त्यात थोडे अर्थशास्त्र, थोडे राज्यशास्त्र, बरेचसे संख्याशास्त्र आणि भरपूर लेखन असते.

तेव्हा कॉलेजची परीक्षाही याच अंगाने करायला हवी. कर्ज मागायला येणारे पालक माहितीपुस्तिकेतले क्रमवारीचे पान दुमडून आणत. अभ्यासक्रमाचे पान मात्र कोरे करकरीत असे. वास्तविक सारे काही त्या पानावर असते. संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्र सक्तीचे आहे की ऐच्छिक? विद्यार्थ्याला वर्गाबाहेर, एखाद्या सरकारी कचेरीत किंवा संस्थेत, काम करावेच लागते का? ड्यूक विद्यापीठात धोरणशिक्षणाची संस्था १९७१ साली सुरू झाली. तिथे या विषयाच्या पदवीसाठी असे प्रत्यक्ष काम सक्तीचे आहे. प्रिन्स्टनची शाळा १९३० सालची. तिथे तिसऱ्या वर्षी विद्यार्थ्यांचे लहान गट एखादा धोरणप्रश्न घेऊन त्यावर अभ्यास करतात आणि चौथ्या वर्षी प्रत्येकाला प्रबंध लिहावा लागतो. याउलट हार्वर्डच्या प्रसिद्ध केनेडी स्कूलमध्ये पदवीचा अभ्यासक्रमच नाही. तिथे पदवीनंतरच जाता येते. नावाला भुलणाऱ्यांनी एवढे तरी आधी पाहावे. आणखी एक खाचखळगा असा की, विद्यापीठात प्रवेश मिळाला म्हणजे विषयही मिळाला असे सगळीकडे नसते. काही ठिकाणी त्यासाठी पुढे वेगळा अर्ज करावा लागतो.

आता पैशाचे. समजा, दरवर्षी साडेबारा लाख असे चार वर्षांत ५० लाखांचे कर्ज काढले. व्याज दहा टक्के धरू, तेही सरळव्याज. शिक्षणाची चार वर्षे आणि वर चढीचे एक वर्ष हप्ता नाही. पाचव्या वर्षाअखेर व्याजाचे साडेसतरा लाख होतात आणि डोक्यावर साडेसदुसष्ट लाख उभे राहतात. ते पंधरा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे साडेबहात्तर हजार रुपये. एवढ्या रकमेला बहुधा तारण लागते, आणि मध्यमवर्गीयाकडे तारण म्हणजे राहते घर.

हा हप्ता कुठल्या पगारातून जाणार? इथेच हा विषय इतरांहून वेगळा पडतो. अमेरिकेच्या संघ सरकारातल्या बहुतेक स्पर्धात्मक नोकऱ्या १९७६च्या अध्यक्षीय आदेशानुसार तिथल्या नागरिकांसाठी राखीव आहेत. म्हणजे ज्या कचेऱ्यांसाठी ही पदवी घडवते, त्यांतल्या पुष्कळांची दारे आपल्या मुलीला बंद. पदवीनंतर कामासाठी मिळणारी सवलत साधारण बारा महिन्यांची. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्यांना आणखी चोवीस महिने मिळतात. धोरणाची पदवी सहसा त्या यादीत बसत नाही. तेव्हा संबंधित पदवी कोणत्या गटात नोंदवली आहे, हे विद्यापीठाला लेखी विचारावे.

याचा अर्थ जाऊच नये असा नाही. प्रिन्स्टनसारखी मोजकी विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्यालाही घरची ऐपत न पाहता प्रवेश देतात आणि गरजेपुरती मदत कर्जाऐवजी अनुदानाच्या रूपाने देतात. असे दार उघडले तर खुशाल पाठवावे. सरकारी विद्यापीठांत मात्र बाहेरच्यांना शुल्क जास्त आणि मदत थोडी, असाच प्रकार फार. तसे असेल तर पदवी इथेच अर्थशास्त्रात किंवा संख्याशास्त्रात घ्यावी, दोन वर्षे कुठे तरी काम करावे आणि मग धोरणाच्या पदव्युत्तर अभ्यासाला जावे. तिथे पदवीचा विषय कोणताही चालतो, आणि गाठीशी अनुभव असलेल्याला मानही मिळतो. पुण्यात १९३० पासून उभी असलेली गोखले अर्थशास्त्र संस्था तर आपल्याच अंगणात आहे.

अर्ज भरण्याआधी एक सोपा प्रयोग करून पाहावा. आपल्या वॉर्डात पाणी किती येते, त्यावर खर्च किती होतो आणि कुणाच्या नळाला ते पोचत नाही, हे मुलीला एका सुट्टीत शोधायला सांगावे. माहितीचा अधिकार २००५ सालापासून आहे. अर्ज आईवडिलांच्या नावाने करावा, पण लिहू तिला द्यावा. कचेरीत चार खेपा घालून, आकडे जुळत नाहीत म्हणून चिडून, तरीही ती पाचव्यांदा गेली, तर तिच्यासाठी घराचे कागद काढायचे की नाही यावर बसून बोलण्यात अर्थ आहे. दुसऱ्याच खेपेला तिला कंटाळा आला, तर तेही वेळीच कळले म्हणायचे, आणि तेही केवळ दहा रुपयांच्या अर्जात.