घराला मान्य असलेली घराबाहेरची जागा

नॉर्वेची राजधानी ओस्लो येथील सुमारे एक तृतीयांश रहिवासी एकतर स्वतः परदेशातून आलेले आहेत किंवा स्थलांतरित आईवडिलांच्या पोटी नॉर्वेत जन्मलेले आहेत. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून पाकिस्तानातून कामगार आले, पुढे इराण, इराक, सोमालिया अशा देशांतून निर्वासित कुटुंबे आली आणि त्यांतील अनेक शहराच्या पूर्वेकडील वस्त्यांमध्ये स्थिरावली. यांतील सर्व घरे सारखी नाहीत. तरीही बऱ्याच घरांत मुलींच्या वाट्याला येणारा मोकळा वेळ त्यांच्या भावांपेक्षा तोकडाच असतो, कारण लहान भावंडे सांभाळणे, घरकामाला हातभार लावणे आणि नातेवाइकांच्या नजरेला जपून वागणे या साऱ्याचा भार त्यांच्यावर पडतो. कुटुंबाच्या अब्रूच्या नावाखाली व्यक्तीच्या वागण्यावर ठेवल्या जाणाऱ्या या पाळतीला व धाकाला नॉर्वेत ‘नकारात्मक सामाजिक नियंत्रण’ म्हणतात. इराम हक या पाकिस्तानी वंशाच्या नॉर्वेजियन दिग्दर्शिकेने २०१७ साली याच विषयावर चित्रपट केला आणि त्याला ‘लोक काय म्हणतील’ अशा अर्थाचे नाव दिले. मराठी वाचकाला त्यातील धाक वेगळा समजावून सांगावा लागू नये.

अशा मुलीने मैत्रिणींना भेटायचे कुठे, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटला तरी तसा नाही. कॅफेत पैसे लागतात आणि तिथे बसलेली मुलगी ओळखीच्यांच्या नजरेस पडते. युवक केंद्रात मुलगे असतात म्हणून घरून नकार येतो. सार्वजनिक ग्रंथालयाला मात्र सहसा कोणी हरकत घेत नाही, कारण ते अभ्यासाचे ठिकाण आहे आणि मुलांनी शिकावे म्हणून तर अनेक आईवडिलांनी देश सोडलेला असतो. टेबलावर गणिताची वही उघडी असते, दोन उदाहरणांच्या मध्ये हलक्या आवाजात गप्पा होतात, घरून फोन आला तर ‘लायब्ररीत आहे’ हे उत्तर खरेही असते आणि पुरेसेही. ती उघडी वही हाच त्या मुलीचा परवाना होय, आणि त्यात लबाडी पाहणे अन्यायाचे ठरेल, कारण अभ्यास आणि मैत्री या दोन्ही तिच्या गरजा आहेत.

नॉर्वेजियन ग्रंथालयशास्त्रज्ञ रग्नार आउडुनसोन यांनी २००५ मध्ये भेटीच्या जागांचे दोन प्रकार मांडले. जिथे माणूस आपल्या जिव्हाळ्याच्या विषयात समविचारी लोकांसोबत गुंततो, ती ‘उच्च तीव्रतेची’ जागा. आणि जिथे आपल्याहून वेगळे जगणारी, वेगळे मानणारी माणसे सहज दृष्टीस पडतात, ती ‘कमी तीव्रतेची’ जागा. आउडुनसोन यांच्या मते, बहुसांस्कृतिक समाजाला या दुसऱ्या प्रकाराची निकड असते आणि सार्वजनिक ग्रंथालय हे त्याचे ठळक उदाहरण आहे. पुढे त्यांनी सहकाऱ्यांसह इराण, अफगाणिस्तान आणि कुर्दिस्तान येथून आलेल्या नऊ स्त्रियांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या, आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ‘कडेने होणारा वैध सहभाग’ ही संकल्पना वापरली. नवख्या माणसाने आधी कडेला राहून इतरांचे वागणे न्याहाळावे आणि हळूहळू व्यवहारात उतरावे, अशी ही शिकण्याची रीत असून, ग्रंथालयात नुसते बसून पाहणाऱ्याला कोणी हटकत नसल्याने ती तिथे सहज साधते.

ओस्लोचे डाइकमान ग्रंथालय १७८५ साली सुरू झाले. अमेरिकेत काम शिकून आलेल्या हॉकोन न्युहूस यांनी १८९८ पासून त्याला आधुनिक रूप दिले.  याच डाइकमानने २०१६ मध्ये ट्योयेन या बहुवांशिक वस्तीत ‘बिब्लो’ ही शाखा केवळ १० ते १५ वर्षांच्या मुलामुलींसाठी उघडली. तिथे जुन्या ट्रकमध्ये स्वयंपाकघर आहे, बसायला तीनचाकी रिक्षा आहे आणि कर्मचाऱ्यांखेरीज मोठ्यांना प्रवेश नाही. हा शेवटचा नियम मुलींच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा मानायला हवा, कारण त्यामुळे काका, मामा आणि पंधरा वर्षांपुढचा थोरला भाऊही दाराबाहेरच राहतात. मात्र सोळाव्या वर्षी ही जागा मुलीच्या हातून सुटते, आणि पाळत तेव्हा संपलेली नसते. त्या वयासाठी सर्वसाधारण शाखांतच सोय व्हायला हवी.

नॉर्वेच्या १९८५ च्या ग्रंथालय कायद्यानुसार देशात राहणाऱ्या प्रत्येकाला ही सेवा विनामूल्य मिळते, त्यासाठी नागरिकत्वाची अट नाही. आणि ग्रंथालय हे स्वतंत्र भेटीचे ठिकाण असावे, हे उद्दिष्ट २०१४ पासून कायद्यातच आले आहे. अलीकडे तिथे कर्मचाऱ्यांविना उघड्या राहणाऱ्या ग्रंथालयांची पद्धत रुजली आहे. पुस्तके नेणाऱ्या वाचकाला ती सोयीची असेल; पण ज्या मुलीच्या आईवडिलांचा विश्वास ग्रंथपालाच्या उपस्थितीवर टिकून आहे, तिच्यासाठी संध्याकाळच्या वेळी टेबलामागे माणूस असणे अत्यावश्यक आहे, आणि खर्चकपातीत सर्वांत शेवटी हात लावावा तो त्याच जागेला.