आठ तासांचा किनारा

समुद्रप्रवास ही मूळची गरजेची गोष्ट. व्यापाऱ्याला मालासाठी, यात्रेकरूला पुण्यासाठी, विद्यार्थ्याला पदवीसाठी पलीकडचा किनारा गाठावयाचा असे. मधला समुद्र केवळ सोसावयाचा. कोठे पोहोचावयाचे म्हणून नाही, जेथून निघावयाचे बहुधा तेथेच परतावयाचे आणि त्यासाठी भरपूर पैसे मोजावयाचे, ही कल्पना जुन्या दर्यावर्द्याला वेडगळ वाटली असती. तथापि २०२३ साली अशा हौशी प्रवाशांची संख्या जगभरात तीन कोटींवर गेली.

या विलासी सफरीचा धंदा उभा राहिला तो मात्र काटकसरीच्या हिशेबातून. हॅम्बुर्गच्या आल्बर्ट बालिनपुढे प्रश्न होता हिवाळ्याचा. अटलांटिक ओलांडणारे उतारू थंडीत कमी होत, मोठमोठ्या आगबोटी रिकाम्या उभ्या राहत. खर्च मात्र थांबत नसे. तेव्हा २२ जानेवारी १८९१ रोजी त्याने ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ हे जहाज २४१ प्रवाशांसह भूमध्य समुद्राच्या सफरीवर काढले. वाटेतील बंदरांत उतरून आसपासचा मुलूख पाहावा आणि रात्री आपल्याच खोलीत येऊन निजावे, अशी ती सुमारे दोन महिन्यांची योजना होती. असा प्रयत्न आधी झालाच नव्हता असे नाही. १८६७ मध्ये ‘क्वेकर सिटी’ या आगबोटीने अमेरिकन प्रवाशांना पॅलेस्टाइनपर्यंत नेले होते, आणि त्या सहप्रवाशांची यथेच्छ थट्टा मार्क ट्वेनने ग्रंथबद्ध करून ठेवली आहे. परंतु हौशी सफरीला नियमित व्यवसायाचे रूप आले ते मुख्यतः बालिनमुळे.

जहाजाने शक्यतो रात्री चालावे आणि दिवसा थांबावे, हे या व्यवस्थेचे मर्म. सामान एकदा सोडले की शेवटच्या दिवसापर्यंत बांधावे लागत नाही; प्रवासी निजतो एका देशात आणि उठतो दुसऱ्या देशात. ज्यांचे गुडघे थकले आहेत, त्यांच्यासाठी ही सोय म्हणजे वरदानच, आणि तिला नाके मुरडणाऱ्यांनी म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन एकदा आगगाडीने चार शहरे फिरून पाहावीत. मात्र या सुखाची किंमत पैशापेक्षा वेळेत अधिक द्यावी लागते. सकाळी आठला लागलेले जहाज सायंकाळी सहाला सुटावयाचे असेल, तर उतरण्याची परवानगी मिळेपर्यंतचा वेळ आरंभी जातो आणि सुटण्यापूर्वी परत येऊन बसण्याचा वेळ शेवटी जातो. कागदावरच्या दहा तासांचे प्रत्यक्षात आठ उरतात. जहाजाने स्वतः योजलेल्या फेरीची मोटार वाटेत अडकली, तर जहाज सहसा तिच्यासाठी खोळंबते. स्वतंत्रपणे भटकावयास गेलेल्या उशिरा येणाऱ्यासाठी ते थांबत नाही. त्याने स्वखर्चाने पुढचे बंदर गाठावे. अधिकृत फेऱ्यांचे दर चढे असतात, त्यातील काही भाग या निश्चिंततेचा असतो.

कोणते बंदर घ्यावे, हेही केवळ सौंदर्यावर ठरत नाही. परदेशी नोंदणीच्या जहाजाने अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात उतारू नेऊ नयेत, असा १८८६ चा अमेरिकन कायदा आहे. म्हणून सिअॅटलहून अलास्काला जाऊन येणारी जहाजे वाटेत कॅनडाच्या व्हिक्टोरिया बंदराला शिवतात. पुष्कळदा तीही रात्री, दुकाने मिटण्याच्या सुमारास. प्रवाशाला वाटते, आपण एक नगर पाहिले; वस्तुतः एका कलमाची पूर्तता झालेली असते.

किनाऱ्यावरच्या आठ तासांचे काय होते, हे पाहावयाचे तर ग्रीसचे सॅन्टोरिनी बेट पाहावे. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या प्रचंड ज्वालामुखी स्फोटाने या बेटाचा मध्यभाग खचला आणि तेथे समुद्र शिरला. उभ्या कड्यावर पांढरी घरे, खाली अथांग पाणी. हे पाणी इतके खोल आहे की मोठ्या जहाजांना नेहमीप्रमाणे नांगर टाकणे कठीण. उतारूंना लहान लाँचमधून किनाऱ्यावर आणतात. तेथून फिरा गावी जावयाचे तर जवळजवळ सहाशे पायऱ्या, नाहीतर खेचराची पाठ, किंवा तारेवरून चालणारा पाळणा. एकाच सकाळी तीन-चार जहाजे आली की पाळण्यापुढील रांगेतच तास निघून जातो. बेटाची कायमची वस्ती पंधरा-सोळा हजारांची, आणि तेथे जहाजांतून एका दिवसात येणाऱ्या प्रवाशांसाठी आठ हजारांची मर्यादा घालावी लागली. जुलै २०२५ पासून तर गर्दीच्या हंगामात माणशी २० युरो कर बसला. उतारूने जेवण जहाजावरच केलेले असते, निजावयासही तो तेथेच जातो. गावाच्या वाट्याला राहते ती त्याची गर्दी आणि थोडीशी खरेदी.

याच बेटाच्या दक्षिणेस अक्रोतिरी आहे. स्पिरिडॉन मारिनातोस यांनी १९६७ मध्ये येथे उत्खनन आरंभले आणि राखेखाली गाडलेले दुमजली-तिमजली घरांचे नगर उजेडात आले. तेथे मानवी सांगाडे सापडले नाहीत. धरणीकंपाची चाहूल लागताच लोक वेळीच निघून गेले असावेत. केवळ हेच पाहावयास उतरणाऱ्याला आठ तास पुरतात. पण पत्रिकेवर अक्रोतिरीबरोबर सूर्यास्ताचे गाव, द्राक्षमळा आणि बाजारही असतो, आणि तिसऱ्या ठिकाणी पोहोचेपर्यंत पहिल्याच्या भिंती स्मरणातून पुसट होऊ लागतात.

या सफरीत आणखी एक प्रवासी असतो. त्याला तिकीट नसते. गोव्यात जहाजावर नोकरी करणाऱ्यास ‘तारवटी’ म्हणतात. मुंबईत धोबीतलावाच्या आसपास गावोगावच्या ‘कूड’ नावाच्या वसतिगृहांत बोटीची वाट पाहत दिवस काढणाऱ्या तारवट्यांची परंपरा जुनी आहे. अशा घरांतील मुले आज या तरंगत्या महालांच्या मुदपाकखान्यांत आणि भोजनगृहांत राबतात. करार सहा ते नऊ महिन्यांचा. २०२० च्या साथीत बंदरे बंद झाली, प्रवासी घरोघर परतले, आणि हे कामगार मात्र आठवडेच्या आठवडे जहाजांवरच अडकून राहिले. एरवीही जहाज बंदरात असताना आणीबाणीसाठी काही माणसे वर ठेवावी लागतात. बाकीच्यांना पाळीपाळीने दोन-तीन तास मिळाले तर घरी फोन, पैसे पाठविणे आणि साबण-तेलाची खरेदी, यातच ते सरतात. दर आठवड्याला सॅन्टोरिनीसमोर येऊनही कड्यावरचे ते पांढरे गाव ज्याने हंगामभर खालूनच पाहिले, असा एखादा तारवटी त्याच जहाजावर सकाळचा चहा ओतत असणे अगदी शक्य आहे.