सगळे, काही आणि एकही नाही!

बालमित्रांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं. कोडं अगदी छोटं आहे, पण उत्तराची घाई करू नका बरं का!

'आमच्या वर्गातली सगळी मुलं डबा आणतात,' असं कुणीतरी म्हणालं. हे वाक्य खोटं आहे, एवढं आपल्याला नक्की ठाऊक आहे. मग खरं काय?

पुष्कळ जण चटकन सांगतात, 'वर्गातलं कुणीच डबा आणत नाही!'

चूक! समजा, वर्गात ४० मुलं आहेत आणि त्यांतली ३९ मुलं डबा आणतात. तरीसुद्धा ते वाक्य खोटंच ठरतं. एकजण डब्याशिवाय आला, की झालं! म्हणून बरोबर उत्तर असं: 'निदान एक मूल तरी डबा आणत नाही.'

बारावीच्या गणितात तर्कशास्त्राचा पाठ असतो. पुढे कॉम्प्युटर शिकणाऱ्या ताई-दादांना 'डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स' नावाचा विषय असतो. 'सगळे' आणि 'काही' यांचा अभ्यास तिथे करावा लागतो. पण तोवर थांबायचं कशाला? डब्याचं कोडं कळलं, म्हणजे अर्धा पाठ तुम्हांला आत्ताच कळला!

शब्द छोटे, काम मोठं

तर्कशास्त्रात 'विधान' म्हणजे जे खरं तरी असतं किंवा खोटं तरी असतं, असं वाक्य. 'दार लाव' हे विधान नाही. 'सात ही विषम संख्या आहे' हे विधान आहे. काही विधानांत 'सगळे', 'प्रत्येक', 'काही', 'एकही नाही' असे शब्द येतात. त्यांच्या उलट विधान करताना दोन नियम लक्षात ठेवायचे:

'सगळे आहेत' याच्या उलट 'निदान एक नाही'.
'काही आहेत' याच्या उलट 'एकही नाही'.

आता 'काही' या शब्दाची गंमत पाहा. 'काही मुलांनी गृहपाठ केला' असं बाई म्हणाल्या, की उरलेल्यांनी केला नाही, हे आपण मनाशी धरून चालतो. तर्कशास्त्रात तसं नाही. तिथे 'काही' म्हणजे 'निदान एक'. सगळ्यांनी गृहपाठ केला असला, तरी 'काहींनी केला' हे खरंच!

आपली मराठीही कधी कधी फसवते. 'सगळी मुलं डबा आणत नाहीत' या वाक्याचा अर्थ काय? एकही मूल आणत नाही, असा होतो. आणि काही आणतात, काही आणत नाहीत, असाही होतो. बोलताना आवाजाच्या चढउतारावरून आपण समजून घेतो. कागदावर मात्र घोटाळा! 'चकाकतं ते सगळं सोनं नसतं' ही म्हण घ्या. चकाकणारी एकही वस्तू सोन्याची नसते, असा तिचा अर्थ घेतला, तर सोनाराला दुकानच बंद करावं लागेल!

शब्दांची जागा बदलली, तरी अर्थ बदलतो. 'प्रत्येक कुलपासाठी एक किल्ली आहे.' हे तर आपल्या घरोघरी असतं. आता दुसरं वाक्य ऐका. 'एक किल्ली अशी आहे, की ती प्रत्येक कुलपाला लागते.' बाप रे! पहिल्या वाक्यात किल्ल्यांचा जुडगा आहे आणि दुसऱ्या वाक्यात एकच किल्ली सारं गाव उघडते! शब्द जवळजवळ तेच आहेत, पण 'प्रत्येक' आधी की 'एक' आधी, यावर सगळं अवलंबून आहे.

हे कुणी शोधून काढलं?

ग्रीसमधल्या ॲरिस्टॉटल यांनी सुमारे २३०० वर्षांपूर्वी 'सर्व' आणि 'काही' यांच्या विधानांची नीट मांडणी केली. आपल्याकडे न्यायशास्त्राच्या पंडितांनीही यावर खूप खल केला. 'जिथे जिथे धूर, तिथे तिथे अग्नी' हे त्यांचं आवडतं उदाहरण. अशा कायमच्या संबंधाला ते 'व्याप्ती' म्हणत. मग हेच वाक्य उलटं केलं तर? 'जिथे जिथे अग्नी, तिथे तिथे धूर.' हे चालेल का? नाही! पंडित म्हणत, भट्टीत तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा पाहा. अग्नी आहे, पण धूर नाही. एका गोळ्याने अख्खं विधान पाडलं!

ऑगस्टस डी मॉर्गन हे इंग्लिश गणिती १८०६ साली आपल्या मदुराईत जन्मले. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम आहे. 'आंबा आणि पेरू दोन्ही गोड आहेत' हे खोटं असेल, तर 'आंबा गोड नाही किंवा पेरू गोड नाही' हे खरं. म्हणजे 'आणि' उलटवला, की त्याचा 'किंवा' होतो. आता डब्याचं कोडं आठवा. 'सगळे' म्हणजे एक लांबलचक 'आणि'च की! पहिला आणतो आणि दुसरा आणतो आणि तिसरा आणतो... हे उलटवलं, की होतं: पहिला आणत नाही किंवा दुसरा आणत नाही किंवा तिसरा... म्हणजे 'निदान एकजण आणत नाही'.

१८७९ साली जर्मनीतल्या गोटलोब फ्रेगे यांनी अशी विधानं खुणांनी लिहिण्याची पद्धत काढली. आजच्या खुणा मात्र नंतरच्या. 'असा निदान एक आहे' यासाठी इटलीच्या पेआनो यांनी १८९७ साली ∃ ही खूण वापरली. 'सर्वांसाठी' ही ∀ खूण १९३५ साली जर्मनीतल्या गेंट्झेन यांनी आणली. इंग्रजी 'ई' आरशात पाहिल्यासारखा आणि 'ए' शीर्षासन करणारा! आहे ना गंमत?

एक पुरतो, हजार पुरत नाहीत

आता थोडं गणित. 'सर्व मूळ संख्या विषम असतात.' खरं की खोटं? मूळ संख्या म्हणजे जिला १ आणि ती स्वतः याखेरीज कशानेही पूर्ण भाग जात नाही, अशी १ पेक्षा मोठी संख्या. ३, ५, ७, ११, १३... सगळ्या विषम दिसतात. पण २? ती मूळ आहे आणि समही आहे. संपलं! विधान खोटं. अशा एका उदाहरणाला प्रतिउदाहरण म्हणतात. व्यवहारात आपण 'अपवाद असायचाच' म्हणून सोडून देतो. गणितात एक अपवाद निघाला, की 'सर्व' हा शब्द पुसावा लागतो.

मग पुष्कळ उदाहरणं जमली, की 'सर्व' सिद्ध होतं का? वही घ्या आणि करून पाहा. कुठलीही संख्या घ्या, तिला तिनेच गुणा, त्यात तीच संख्या मिळवा आणि वर ४१ मिळवा. ० घेतली तर ४१ येतात. १ घेतली तर ४३, २ घेतली तर ४७, ३ घेतली तर ५३. सगळ्या मूळ संख्या! ० पासून ३९ पर्यंत, म्हणजे ओळीने ४० वेळा, मूळ संख्याच येते. कुणीही म्हणेल, 'हे नेहमीच होणार!' आता ४० घ्या. ४० गुणिले ४० म्हणजे १६००, अधिक ४०, अधिक ४१. झाले १६८१. आणि १६८१ म्हणजे ४१ गुणिले ४१. फसलो की नाही?

म्हणूनच गणिती लोक फार सावध असतात. १७४२ साली गोल्डबाख यांनी ऑयलर या थोर गणितज्ञांना एक पत्र लिहिलं. त्यातून पुढे एक प्रसिद्ध प्रश्न आला: २ पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते का? ८ म्हणजे ३ अधिक ५. १०० म्हणजे ४७ अधिक ५३. कॉम्प्युटरने ४ वर १८ शून्यं एवढ्या मोठ्या संख्येपर्यंत तपासून पाहिलं. एकही अपवाद सापडला नाही! तरीही 'सर्व' म्हणायला गणिती अजून तयार नाहीत, कारण सिद्धता मिळालेली नाही.

मग 'सर्व' सिद्ध करायचं तरी कसं? एकेक तपासून नाही, तर कारण शोधून! 'कोणत्याही दोन विषम संख्यांची बेरीज सम येते' हे घ्या. मूठभर चिंचोके आणा. विषम संख्येचे चिंचोके जोड्याजोड्यांनी मांडले, की शेवटी एक एकटा उरतो. दुसऱ्या विषम संख्येचेही तसेच मांडा. तिथेही एक एकटा उरतो. ते दोन एकटे एकत्र आले, की त्यांचीही जोडी झाली! आता एकही सुटा नाही, म्हणजे बेरीज सम. चिंचोके ७ आणि ९ असोत की दुसऱ्या कुठल्याही दोन विषम संख्यांचे, कारण तेच राहतं. म्हणून इथे 'सर्व' म्हणायचा आपल्याला हक्क आहे.

शितावरून भात, पण माणसांचं काय?

आजी एक शीत दाबून पाहते आणि सांगते, 'भात झाला!' एका शितावरून 'सगळा भात शिजला' असं म्हणणं कसं चालतं? कारण तांदूळ एक, पातेलं एक, पाणी एक आणि जाळही एक. तिथे कारण आहे. माणसं मात्र एका पातेल्यातली शितं नव्हेत. त्यांच्यासाठी आपली दुसरी म्हण आहे: हाताची पाचही बोटं सारखी नसतात.

माझ्या चौथीच्या वर्गात एकदा एका मुलीची नवी रंगपेटी हरवली. लगेच एकजण ओरडला, "बाई, मागच्या बाकावरची मुलं नेहमी वस्तू घेतात!" मी ते वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. मागच्या बाकावरची तिन्ही मुलं खाली मान घालून बसली होती.

मी विचारलं, "मागच्या बाकावरची सगळी? आणि नेहमी? कुणी कधी पाहिलंय?"

वर्ग गप्प. मग खिडकीजवळची एक मुलगी हळूच उठली. "बाई, पावसाळ्यात माझी छत्री शाळेत राहिली होती. ती यानेच घरी आणून दिली." तिने मागच्या बाकाकडे बोट दाखवलं.

एक उदाहरण! आमच्या वर्गाला तेवढं पुरलं. ज्याने आरोप केला होता, त्यालाच मी डस्टर दिलं आणि त्याने ते वाक्य पुसलं. तेवढ्यात एका मुलाने फार चांगली शंका काढली. "बाई, म्हणजे त्यांच्यापैकी कुणीच पेटी घेतली नाही, असं ठरलं का?" नाही, तसंही ठरलं नाही! 'सगळे घेतात' हे खोटं ठरलं, म्हणून 'कुणीच घेतली नाही' हे आपोआप खरं होत नाही. ते डब्याच्या कोड्यातच आपण पाहिलं. एवढंच ठरलं, की बसायच्या जागेवरून कुणाला चोर म्हणायचं नाही. रंगपेटी शेवटपर्यंत सापडली नाही. पण मागच्या बाकावरच्या त्या माना मात्र वर झाल्या.

'मुलींना गणित जमत नाही', 'त्या गावचे लोक भांडखोर', 'त्या वस्तीतली मुलं तसलीच', अशी विधानं कानांवर येतात. ऐकलं, की मनात विचारा: सगळे? एकही अपवाद नाही? मोजलं कुणी? आणि कारण काय? विधान करणाऱ्यानेच ते सिद्ध करायचं असतं.

हा प्रश्न स्वतःलाही विचारा. 'मला गणित कधीच येत नाही' असं म्हणण्याआधी, वाण्याच्या दुकानात तुम्ही एकदा तरी हिशेब बरोबर केला होता का, ते आठवा. एकदा केला असेल, तर तुमचं 'कधीच' खोटं!

आई-बाबांनो, तुम्हांलाही एक विनंती. 'तू नेहमी उशीर करतोस', 'तुला काहीच समजत नाही' ही दोन्ही 'सर्व'ची विधानं आहेत. मूल त्यांतला अपवाद शोधत बसत नाही, ते विश्वास ठेवतं. 'आज तुला उशीर झाला' म्हटलं, तर ते खरंही असतं आणि उद्या सुधारताही येतं.

आता तुम्ही सोडवा!

१. 'शाळेतल्या प्रत्येक वर्गात निदान एक मुलगी चष्मा लावते.' याच्या नेमकं उलट विधान कोणतं?

२. 'सर्व चौरस आयत असतात' आणि 'सर्व आयत चौरस असतात'. यांतलं खरं कोणतं?

३. माझा खिसा रिकामा आहे. मी म्हणते, 'माझ्या खिशातल्या सगळ्या नोटा पाचशेच्या आहेत.' खरं की खोटं?

४. टेबलावर चार कार्डं आहेत. प्रत्येकाच्या एका बाजूला संख्या आणि दुसऱ्या बाजूला रंग. वरच्या बाजूंना ४, ७, लाल आणि निळा असं दिसतं. नियम असा: 'ज्या ज्या कार्डावर सम संख्या आहे, त्याची दुसरी बाजू लाल आहे.' हा नियम खरा आहे का, हे ठरवायला कोणती कार्डं उलटावी लागतील? (असं कोडं पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ साली मांडलं आणि भल्याभल्यांची विकेट पडली!)

उत्तरं (आधी सोडवा, मगच पाहा!)

१. शाळेत निदान एक वर्ग असा आहे, की तिथे एकही मुलगी चष्मा लावत नाही.

२. पहिलं खरं. दुसऱ्याला तुमच्या वहीचं पान हेच प्रतिउदाहरण!

३. खरं! खोटं ठरवायला पाचशेची नसलेली एक तरी नोट खिशातून काढून दाखवावी लागेल. ती आणणार कुठून?

४. ४ आणि निळा. ४ च्या मागे लाल नसेल, तर नियम मोडला. निळ्याच्या मागे सम संख्या निघाली, तरीही मोडला. ७ बद्दल नियम काहीच बोलत नाही. आणि लालच्या मागे विषम संख्या निघाली, तरी बिघडत नाही, कारण 'लालच्या मागे समच हवी' असं कुणी म्हटलेलंच नाही.