साड्यांच्या कपाटातलं कथाकथन

सिकंदराबादेत राहून मराठी लिहिणाऱ्याला वाचक असतात, पण विखुरलेले. कुणी नांदेडला, कुणी पुण्याला, कुणी मुलाकडे दुबईला. हैदराबादेत मराठी साहित्य परिषद आहे, जुनं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे. तिथे कथा वाचली की ती चहाबरोबर संपते. म्हणून मी पॉडकास्टकडे वळलो.

आवाजाने वाचक जोडणं आपल्याला नवं नाही. शंकर पाटील, मिरासदार, माडगूळकर कथाकथनासाठी गावोगाव हिंडले. वपुंच्या कथा कॅसेटवरून घरोघरी गेल्या. अमेरिकेत स्कॉट सिगलरने २००५ मध्ये ‘अर्थकोअर’ ही कादंबरी पॉडकास्टवर भागाभागाने फुकट ऐकवली आणि पुढे त्याच श्रोत्यांना पुस्तकं विकली.

पॉडकास्टचं मूळ म्हणजे फीड. ग्रंथालयाच्या दारात ‘नवीन पुस्तकं’ असा फळा असतो ना, तसंच हे. ध्वनिफाइल होस्टिंग सेवेकडे राहते. फीडमध्ये नुसती नोंद असते: भागाचं नाव, तारीख, फाइलचा पत्ता. स्पॉटिफाय, अ‍ॅपल पॉडकास्ट यांना या फळ्याचा पत्ता एकदाच कळवायचा. मग अ‍ॅप अधूनमधून येऊन फळा वाचतं आणि नवी नोंद दिसली की श्रोत्याच्या फोनवर भाग हजर. होस्टिंग बदलताना जुन्या फळ्यावर नवा पत्ता लावून मिळेल का, हे आधीच विचारून घ्या. मी विचारलं नव्हतं. पहिले श्रोते गेले ते गेलेच.

स्टुडिओ लागत नाही. खोलीत टाळी वाजवा. आवाज घुमला तर ती खोली नको. आमच्याकडे साड्यांचं कपाट उघडून त्यात तोंड घालून बसतो, कापड घुमारा पिऊन टाकतं. फोन तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला, नाहीतर ‘फ’ आणि ‘भ’चा वारा माइकवर आदळतो. पंखा बंद. मे महिन्यात हे कठीणच. रेल्वेचा भोंगा आला की थांबायचं, एक टाळी वाजवायची आणि तेच वाक्य पहिल्यापासून म्हणायचं. संपादन करताना पडद्यावर टाळीचा उंच सुळका दिसतो, कुठे कापायचं ते शोधावं लागत नाही.

फाइल मोनोमध्ये, ६४ केबीपीएसवर काढली की दहा मिनिटांची कथा ५ एमबीत मावते.

खरी मेहनत कथेवरच. छापील कथेत संवादानंतर ‘असं शांता म्हणाली’ चालतं. ऐकणाऱ्याला बोलणारं माणूस आधी कळावं लागतं. दोन बायका बोलत असतील तर ‘ती’ निरुपयोगी, नावंच घ्यावी लागतात. दुसऱ्याची कथा वाचायची तर परवानगी हवी; लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं हक्क टिकतो.

आकड्यांनी हुरळू नये. डाउनलोड झालं म्हणजे ऐकलं असं नाही, फोन आपोआपही भाग उतरवून ठेवतो. कुठवर ऐकलं, तो आलेख पाहा. माझ्या एका भागात दुसऱ्या मिनिटालाच तो घसरला होता. ऐकून पाहिलं, तर तोवर मी स्वतःचाच परिचय देत होतो. पुढच्या भागात पहिल्या वाक्यालाच मावशीची कढई चुलीवर चढवली.